स्क्यूआ : एका मागणीपत्राचे विमान

सिबिल थॉर्नडाइक हे नाव आपल्याकडे नाटकाच्या अभ्यासकांना ठाऊक असते ते शॉच्या ‘सेंट जोन’मुळे. लंडनमध्ये १९२४ साली जोनची भूमिका त्यांनी केली आणि ती लिहिताना शॉच्या डोळ्यांसमोर त्याच होत्या, हे पाठ्यपुस्तकांतूनही सांगितले जाते. त्यांचा थोरला मुलगा जॉन कॅसन याने आईवडिलांच्या जीवनावर ‘लुइस अँड सिबिल’ हे पुस्तक लिहिले. ते १९७२ साली प्रसिद्ध झाले. रंगभूमीच्या इतिहासासाठी या कुटुंबाकडे वळणारा वाचक एका अनपेक्षित ठिकाणी अडखळतो. रंगमंचाच्या दिव्यांत वाढलेला हा मुलगा ब्रिटिश आरमारात वैमानिक होता. १३ जून १९४० रोजी उत्तररात्री नॉर्वेच्या किनाऱ्यावरून पंधरा विमानांचा ताफा घेऊन तो एका जर्मन युद्धनौकेवर चालून गेला. त्या पंधरांपैकी आठ विमाने परत आली नाहीत. न आलेल्यांत कॅसनचेही विमान होते.

त्या विमानाचे नाव ब्लॅकबर्न स्क्यूआ. स्क्यूआ हा उत्तरेकडचा एक दांडगा समुद्रपक्षी आहे. दुसऱ्या पक्ष्यांच्या अंगावर झेप घेऊन त्यांच्या चोचीतला मासा हिसकावणारा. विमानांच्या इतिहासात या नावाची किंमत मात्र फार नाही. मंद, बेढब, जन्मतःच कालबाह्य अशी विशेषणे त्याला जवळजवळ ठरलेली असतात, आणि पुढे ‘विचित्र खोडींचे विमान’ असा शेरा येतो. ‘खोड’ हा आपल्याकडे घोड्याबैलांसाठी वापरला जाणारा शब्द. जनावराला खोड असते ती त्याच्या स्वभावात. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असे आपण म्हणतोही. पण विमानाला स्वभाव कोठून येतो? विमान हे कोणीतरी मागितलेले आणि कोणीतरी त्या मागणीबरहुकूम घडवलेले असते. स्क्यूआची प्रत्येक खोड हे कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर होते असे मला वाटते. प्रश्न कोणी आणि कसा विचारला, हे पाहिल्याशिवाय उत्तराला हसणे म्हणजे संहितेचा संदर्भ न पाहता ओळीला हसण्यासारखे आहे.

तो प्रश्न ‘ओ. २७/३४’ या क्रमांकाच्या मागणीपत्रात होता. साल १९३४. ब्रिटनच्या आरमाराची विमाने त्या काळी आरमाराच्या ताब्यात नव्हती. १ एप्रिल १९१८ रोजी आरमाराचे हवाई दल आणि भूसेनेचे हवाई दल एकत्र करून रॉयल एअर फोर्स उभारण्यात आले. आरमाराला आपली विमाने पूर्णपणे परत मिळाली ती मे १९३९मध्ये, म्हणजे दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या जेमतेम साडेतीन महिने आधी. मधली एकवीस वर्षे गरज आरमाराची आणि खरेदी हवाई मंत्रालयाची, अशी व्यवस्था होती. एका घरात दोघांचा संसार असला की स्वयंपाकघरात काय होते, हे सांगायला नको.

आरमाराची अडचण जागेची होती. विमानवाहू नौकेच्या पोटात थोडकी विमाने मावत. त्यामुळे प्रत्येक विमानाने एकापेक्षा अधिक कामे करावीत, हा हिशेब कागदावर अगदी बिनतोड होता. ओ. २७/३४ने मागितले ते असे : हे विमान शत्रूच्या विमानांशी लढणारे असावे, तेच शत्रूच्या नौकांवर सूर मारून बॉम्ब टाकणारे असावे, त्यात दोन माणसे बसावीत, कारण समुद्रावर खुणेचे झाड वा देऊळ नसते आणि एकट्या वैमानिकाला लढता लढता नौकेकडे परतण्याची वाट काढणे जमणार नाही, त्याचे पंख दुमडता यावेत, आणि ते नौकेच्या आखूड डेकवर उतरता यावे. यातली एकेक अट शहाणपणाची आहे. सगळ्या एकत्र वाचल्या की मात्र धास्ती वाटते. लढाऊ विमान हलके, चपळ आणि वेगवान हवे. सूर मारणारे विमान भक्कम हवे आणि सुरात असताना त्याने आपला वेग आवरला पाहिजे. म्हणजे धावण्याच्या शर्यतीसाठी घोडा मागायचा आणि त्यानेच तोफही ओढावी अशी अपेक्षा ठेवायची.

यॉर्कशरमधल्या ब्रफ येथील ब्लॅकबर्न कंपनीच्या जी. ई. पेटी या अभिकल्पकाने हे काम अंगावर घेतले. जुलै १९३६मध्ये १९० विमानांची मागणी नोंदवली गेली. त्या वेळी पहिला नमुनाही उडालेला नव्हता. तो उडाला ९ फेब्रुवारी १९३७ रोजी. आराखड्याच्या कागदावर विश्वास ठेवून एवढी मोठी खरेदी करण्यामागे घाई होती, आणि युरोपातले वारे पाहता ती अनाठायी नव्हती. पण तिचा एक परिणाम झाला. विमानाचे दोष उघडकीला येऊ लागले तेव्हा नव्याने आराखडा करण्याची सवड उरली नव्हती. छापून झालेल्या पुस्तकाला शुद्धिपत्र जोडावे तशा दुरुस्त्या त्याला जोडाव्या लागल्या. स्क्यूआच्या छायाचित्रात आज आपल्याला जे विचित्र वाटते त्यातले बरेचसे हे शुद्धिपत्रच आहे.

पहिली दुरुस्ती नाकाची. नमुना विमान हवेत पुरेसे स्थिर नव्हते, म्हणून पुढचा भाग पाऊण मीटरच्या आसपास लांबवला. दुसरी पंखांच्या टोकांची. ती वर वळवली गेली, जणू कोणी पुस्तकाच्या पानाचे कोपरे मुडपून ठेवावेत. तिसरी दुरुस्ती बाहेरून दिसत नाही, पण मला ती सर्वांत बोलकी वाटते : शेपटीत एक छोटी हवाई छत्री बसवलेली होती. विमानाचा वेग फार कमी झाला आणि नाक फार वर गेले की पंखांवरची हवा तुटते, एक पंख खाली पडतो आणि विमान स्वतःभोवती गिरक्या घेत कोसळू लागते. चांगल्या विमानाला वैमानिक आपल्या हातापायांनी या गिरकीतून बाहेर काढतो. स्क्यूआच्या बाबतीत ती खात्री देता येत नव्हती. म्हणून ही छत्री. गिरकी सुटेनाशी झाली तर वैमानिकाने ती उघडायची. तिच्या ओढीने शेपूट आवरले जाईल आणि नाक खाली येईल. चाचणीच्या नमुन्यावर असा बंदोबस्त करतातच, पण इथे तो लढाईवर जाणाऱ्या विमानांतही कायम राहिला. यंत्रातच बसवलेला हा कबुलीजबाब होता.

इंजिनाचीही एक गोष्ट आहे. नमुन्यात ब्रिस्टल कंपनीचे मर्क्युरी इंजिन होते. पण ती इंजिने ब्लेनहाइम या बॉम्बफेकी विमानांसाठी हवी होती, म्हणून स्क्यूआच्या वाट्याला त्याच कंपनीचे पर्सियस आले. नेहमीच्या इंजिनात वर-खाली उघडझाप करणाऱ्या झडपा असतात. पर्सियसमध्ये त्यांच्याऐवजी सिलिंडरच्या आत सरकणारी एक नळी होती आणि तिला पाडलेल्या खाचांतून वायूंची ये-जा होई. कल्पना देखणी, पण शक्ती सुमारे ९०० अश्वशक्ती, आणि ओढायचे होते दोन माणसांचे, धातूचे, चौदा मीटर पंखविस्ताराचे धूड. कमाल वेग ताशी ३६२ कि.मी. जर्मनांचे मेसरश्मिट १०९ ताशी साडेपाचशेच्या पुढे जाई. त्याच्याशी तुलना सोडाच. ज्या हाइंकेल बॉम्बफेक्यांना पाठलाग करून पाडायचे, तेही स्क्यूआपेक्षा वेगवान होते. लढाऊ विमान म्हणून स्क्यूआचा निकाल इथेच लागतो, त्यावर अधिक लिहिण्यात अर्थ नाही.

सुराचे मात्र तसे नाही, आणि इथे जरा थांबले पाहिजे. विमान साठ-सत्तर अंशांत खाली झेपावते तेव्हा त्याचा वेग क्षणोक्षणी वाढत जातो. तो आवरला नाही तर नेम धरायला वेळ मिळत नाही, आणि सुरातून वर येताना सांगाडा मोडण्याची भीती असते. स्क्यूआच्या पंखांखाली मोठ्या फळ्यांसारखे फ्लॅप होते. एरवी डेकवर उतरताना वेग कमी करणे हे त्यांचे काम. सुरात तेच गतिरोधक होत. ते उघडले की विमान हवेत जणू टाच रोवून उतरे. ते स्थिर राही, नाक लक्ष्यावर धरून ठेवता येई. ज्या जडपणामुळे ते लढाऊ विमान म्हणून निकामी ठरले, तोच जडपणा येथे कामी आला. जर्मनांच्या प्रसिद्ध स्टुकात सुरातून विमान आपोआप वर काढणारी यंत्रणा होती. स्क्यूआत ते काम वैमानिकाच्या हातांनीच करायचे.

पोटातला बॉम्ब सोडण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी. सरळ उडणाऱ्या विमानातून सोडलेला बॉम्ब खाली पडतो. पण विमानच तोंड खाली करून चालले असेल तर बॉम्ब त्याच्याच वाटेने, त्याच्याच वेगाने येतो आणि फिरत्या प्रोपेलरवर आदळू शकतो. म्हणून ५०० पौंडांचा, म्हणजे सुमारे सव्वादोनशे किलोचा तो एकमेव मोठा बॉम्ब दोन दांड्यांच्या झोळण्यात अडकवलेला असे. वैमानिकाने कळ दाबली की झोळणे पुढे झुले, बॉम्ब प्रोपेलरच्या घेराबाहेर नेई आणि मग सोडून देई. लहान मुलाला रस्ता ओलांडून द्यावा तसे.

बसण्याच्या जागांतही विचार होता. वैमानिक पंखाच्या पुढच्या कडेवर, उंच बसे. त्यामुळे उतरताना डेक नीट दिसे. (पुढे स्पिटफायरचे सीफायर करून नौकेवर आणले तेव्हा त्याच्या लांब नाकाने डेकच झाकून टाकला, ही तक्रार सुप्रसिद्ध आहे.) मागे, शेपटीकडे तोंड करून, दुसरा माणूस. पंखांत चार मशीनगन, मागे एक. आणि धडात पाणी न शिरणारे कप्पे, कारण समुद्रावर उडणाऱ्याचे इंजिन बंद पडले तर खाली जमीन नसते. विमान निदान माणसे बाहेर पडेपर्यंत तरंगले पाहिजे. ज्याने हे कप्पे आखले त्याने बुडणाऱ्या माणसाचा विचार केला होता एवढे नक्की. स्क्यूआला कुरूप म्हणणाऱ्यांनी हेही मोजावे.

याच धडावर मागे चार बंदुकांचा फिरता मनोरा बसवून आणखी एक विमान काढण्यात आले आणि त्याला नाव दिले रॉक. सिंदबादच्या गोष्टीत हत्ती उचलून नेणारा अजस्र रुख पक्षी आहे, तोच हा. मनोऱ्याच्या वजनाने हे विमान स्क्यूआहूनही मंद झाले आणि पुढच्या दिशेने मारा करणारी एकही बंदूक त्यात नव्हती. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. असो.

१९३८च्या अखेरीस स्क्यूआ सेवेत दाखल झाले तेव्हा आरमाराच्या वैमानिकांना ते आधुनिक वाटले असणार. त्यापूर्वी ते दुपंखी विमाने उडवीत होते. इथे एकपंखी रचना होती, धातूचे अंग होते, आत ओढली जाणारी चाके होती. युद्ध सुरू होताच पहिल्याच महिन्यात या विमानाचे दोन्ही चेहरे दिसले. १४ सप्टेंबर १९३९ रोजी ‘आर्क रॉयल’ या विमानवाहू नौकेवरची स्क्यूआ यू-३० या जर्मन पाणबुडीवर तुटून पडली. फार खालून टाकलेल्या बॉम्बच्या स्फोटात दोन विमाने स्वतःच समुद्रात कोसळली. मागच्या आसनांवरचे दोघे मेले. दोन्ही वैमानिकांना पाण्यातून वर काढले ते त्याच पाणबुडीने, आणि कैदी करून नेले. बारा दिवसांनी, २६ सप्टेंबरला, त्याच नौकेवरच्या स्क्यूआंनी उत्तर समुद्रावर एक डॉर्नियर जातीचे जर्मन सागरी विमान पाडले. या युद्धात ब्रिटिश विमानाने हवेत मिळवलेला, दोन्ही बाजूंनी मान्य झालेला हा पहिला विजय मानला जातो. तो मिळवून दिला लढाऊ म्हणून निकामी ठरलेल्या विमानाने, आणि तोही स्वतःहून मंद असा प्रतिस्पर्धी मिळाल्यावर.

पण स्क्यूआचा दिवस म्हणजे १० एप्रिल १९४०. आदल्या दिवशी जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले होते. ‘कोनिग्सबेर्ग’ ही क्रूझर बर्गन बंदरात शिरताना नॉर्वेच्या किनारी तोफांनी जखमी झाली आणि धक्क्याला लागून दुरुस्तीसाठी थांबली. स्क्यूआंच्या दोन तुकड्या, क्रमांक ८०० आणि ८०३, त्या वेळी स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवरच्या हॅटस्टन तळावर होत्या. (या बेटांवर खरे स्क्यूआ पक्षी घरटी करतात, हा योगायोग टिपल्यावाचून राहवत नाही.) बर्गन तेथून पाचशे कि.मी.च्या आसपास. जाऊन, हल्ला करून परत येणे हे विमानाच्या इंधनाच्या काठावरचे गणित होते. पहाटेच्या अंधारात सोळा स्क्यूआ उडाली. सात विमानांचे नेतृत्व रिचर्ड पार्ट्रिज या मरीन अधिकाऱ्याकडे, नऊ विमानांचे विल्यम लूसी याच्याकडे. प्रत्येकाच्या पोटात तो एकेक बॉम्ब.

सकाळी सात वाजून गेल्यावर ती बर्गनवर पोहोचली. नौका धक्क्याला बांधलेली, बचाव करणारी लढाऊ विमाने आकाशात नाहीत, हवा स्वच्छ. एकामागून एक विमाने सुरात उतरली आणि काही मिनिटांत सगळे आटोपले. किमान पाच बॉम्ब नौकेवर बसले, बाकीचे अगदी लगत फुटले. तीन तासांच्या आत ‘कोनिग्सबेर्ग’ उलटून बुडाली. परतीच्या वाटेवर एक स्क्यूआ गमावले. पंधरा घरी आली. युद्धात केवळ विमानहल्ल्याने बुडालेली ही पहिली मोठी युद्धनौका. तारांतो आणि पर्ल हार्बर ही नावे सर्वांना पाठ असतात. त्या दोन्हींच्या आधी हे घडले होते. त्याच दिवशी नार्विकच्या फियोर्डमध्ये विनाशिकांची मोठी लढाई झाली आणि त्या बातमीखाली ही बातमी काहीशी झाकली गेली.

या यशाचे वाचन कसे करायचे? स्क्यूआच्या चाहत्यांना (तेही आहेत) इथे विमानाचे समर्थन सापडते. मला ते पुरेसे वाटत नाही. त्या सकाळी मागणीपत्रातल्या दोन वाक्यांपैकी एकाच वाक्याची परीक्षा झाली. स्थिर लक्ष्य, चिलखताने फार जाड नसलेली क्रूझर, विरोधी विमाने नाहीत. डाइव्ह बॉम्बर म्हणून स्क्यूआ उत्तीर्ण झाले, कारण त्याला त्या दिवशी दुसरे काही व्हावे लागले नाही. ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ ही म्हण स्क्यूआला लावतात तेव्हा म्हणून ती मला चुकीची वाटते. त्यातले एक चांगले धड होते. दुःख हे की त्या धडाला दुसऱ्याचा सदरा घालून रोज लढाईवर पाठवले गेले.

पुढचे आठवडे तसेच गेले. नॉर्वेत उतरलेल्या ब्रिटिश सैन्याच्या डोक्यावर छत्र धरण्यासाठी स्क्यूआ ‘लढाऊ’ म्हणून उडू लागली. २७ एप्रिलला पार्ट्रिज आणि त्याचा निरीक्षक बोस्टॉक यांनी एक हाइंकेल पाडले, पण त्यांचेही इंजिन बंद पडले आणि ते ब्रेदाल्सवात्नेट या गोठलेल्या तलावावर उतरले. बर्फातून वाट काढत ते एका झोपडीपर्यंत पोहोचले. थोड्या वेळाने तेथे तिघे जर्मन आले : पाडलेल्या हाइंकेलचे, होर्स्ट शोपिस आणि त्याचे दोन साथीदार. पार्ट्रिजने थाप मारली की आपण वेलिंग्टन बॉम्बफेक्यातून पडलो. ज्याने आपल्याला पाडले त्याच्याच समोर बसून त्या जर्मनांनी निवारा वाटून घेतला. दुसऱ्या दिवशी नॉर्वेजियन सैनिकांची स्कीवरची गस्त आली. त्या गोंधळात एक जर्मन गोळी लागून मेला, दोघे कैद झाले, आणि ब्रिटिश जोडी पायपीट करून किनाऱ्याला लागली. पार्ट्रिज आणि शोपिस १९७७ साली पुन्हा भेटले. या प्रसंगावर २०१२ साली ‘इंटू द व्हाइट’ नावाचा चित्रपटही निघाला. लूसीला एवढे आयुष्य लाभले नाही. बर्गनच्या यशानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, १४ मे रोजी, नॉर्वेच्याच आकाशात हाइंकेलांशी लढताना तो मारला गेला.

आता पुन्हा १३ जूनकडे. आठ जूनला ‘शार्नहोर्स्ट’ आणि ‘ग्नाइझेनाऊ’ या जर्मन नौकांनी ‘ग्लोरियस’ ही ब्रिटिश विमानवाहू नौका आणि तिच्यासोबतच्या दोन विनाशिका बुडवल्या. पंधराशेहून अधिक माणसे गेली. बुडण्यापूर्वी एका विनाशिकेचा टॉर्पेडो शार्नहोर्स्टला लागला होता आणि ती दुरुस्तीसाठी ट्रॉन्डहाइमला थांबली होती. सूड घ्यायला हवा होता. हाताशी ‘आर्क रॉयल’ होती, तिच्यावर स्क्यूआ होती, आणि दोनच महिन्यांपूर्वी अशाच बंदरात अशाच जखमी नौकेवर अशाच विमानांनी केलेल्या पराक्रमाची आठवण ताजी होती. दोन प्रसंगांचे हे साम्य वरवरचे होते. कोनिग्सबेर्ग सहा-सात हजार टनांची, शार्नहोर्स्ट तीस हजार टनांहून अधिक. तिच्या डेकचे चिलखत ५०० पौंडी बॉम्बला दाद देणारे नव्हते. शेजारी व्हर्नेसच्या विमानतळावर जर्मन लढाऊ विमाने तयार होती. उत्तरेतल्या जून महिन्यात रात्रीला अंधार नसतो, म्हणून लपायलाही जागा नव्हती. जाणाऱ्यांना हे कळत होते. पार्ट्रिजने पुढे ‘ऑपरेशन स्क्यूआ’ या आठवणींच्या पुस्तकात (१९८३) आपला अनुभव लिहून ठेवला आहे.

योजनेप्रमाणे रॉयल एअर फोर्सची विमाने व्हर्नेसवर बॉम्ब टाकून जर्मन लढाऊ विमाने जमिनीवरच अडकवणार होती आणि ब्लेनहाइम लढाऊ विमाने स्क्यूआंच्या सोबतीला येणार होती. विमानतळावरच्या बॉम्बहल्ल्याने झाले एवढेच की शत्रू जागा झाला. सोबतीची विमाने उशिरा पोहोचली. गरज एकाची आणि व्यवस्था दुसऱ्याची, हे १९१८पासूनचे दुखणे कागदावर संपून तेरा महिने झाले होते. आकाशात ते संपले नव्हते. मेसरश्मिटांच्या तावडीत स्क्यूआ सापडली तेव्हा मागणीपत्रातले दुसरे वाक्य तिच्याकडून वसूल करण्यात आले. आता लढाऊ हो. ताशी ३६२ कि.मी. वेगाने.

पंधरांतली आठ पडली. शार्नहोर्स्टवर एकच बॉम्ब बसला, तो फुटला नाही. बोस्टॉक मारला गेला. भाजलेला पार्ट्रिज हवाई छत्रीने उतरला आणि कैद झाला. ८०३ तुकडीचा प्रमुख आणि हल्ल्याचा नेता जॉन कॅसन याला आपले विमान ऑर्कडालच्या फियोर्डमध्ये पाण्यावर उतरवावे लागले. तो आणि त्याचा निरीक्षक पीटर फॅनशॉ दोघेही वाचले आणि पुढची पाच वर्षे युद्धकैदी राहिले. स्टालाग लुफ्ट ३ या छावणीत कॅसनच्या वाट्याला आलेले काम या अनुदिनीच्या वाचकांना रुचेल असे आहे : घरी जाणाऱ्या साध्यासुध्या पत्रांत गुप्त मजकूर पेरणे. वरवर कुशलमंगल वाचावे आणि आत भलतेच दडलेले असावे. फॅनशॉने त्याच छावणीत, १९४४च्या प्रसिद्ध पलायनासाठी खोदलेल्या बोगद्यांची वाळू पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत नाहीशी करण्याची व्यवस्था सांभाळली. कॅसन युद्धानंतर नाट्यदिग्दर्शक झाला.

स्क्यूआ १९४१मध्ये आघाडीवरून काढून घेण्यात आले. उरलेली विमाने प्रशिक्षणासाठी आणि तोफांच्या सरावाचे कापडी लक्ष्य ओढण्यासाठी वापरली गेली. बनलेल्या १९२पैकी एकही विमान अखंड उरले नाही. गोठलेल्या तलावावर उतरलेले पार्ट्रिजचे विमान बर्फ वितळल्यावर तळाला गेले होते. त्याचे अवशेष १९७४ साली वर काढून इंग्लंडमधल्या यॉव्हिल्टन येथील नौदल विमान संग्रहालयात ठेवले गेले. त्याला डागडुजी करून नवे केलेले नाही. जसे सापडले तसेच ते मांडले.

कॅसनचे विमान सदुसष्ट वर्षे कोणाला दिसले नाही. एप्रिल २००७मध्ये ते ऑर्कडालच्या फियोर्डमध्ये २४२ मीटर खोलीवर सापडले, आणि पुढच्या वर्षी वर उचलण्यात आले. शेपूट १९४० सालीच, पाण्यावर आदळताना, तुटून गेले होते. उचलताना कितीही जपले तरी ते पर्सियस इंजिन निखळले. पंख, धड, वैमानिकाची जागा आणि मागे तोंड करून बसणाऱ्याचे आसन एवढे एकसंध हाती आले, आणि बोडो येथील नॉर्वेच्या विमान संग्रहालयाकडे गेले.